शेजारच्या भट्टीची सुट्टी

तापलेल्या वार्निशचा वास आला की जळगावचा तो मुलाम्याचा कारखाना आठवतो. मी घरातला पहिला पदवीधर, धुळ्याहून नुकताच नोकरीला लागलेला. मुलाम्याच्या टाक्यांना डीसी वीज पुरवणारा मोठा रेक्टिफायर सारखे फ्यूज उडवायचा. फ्यूजचा एकच संच उरला होता आणि मालक म्हणाले होते, “हाही उडाला तर उद्यापासून येऊ नका.” मला डोकं धरून बसलेलं पाहून म्हातारे वायरमन आबा म्हणाले, “भाऊ, शेजारनी भट्टीले शुक्रवारनी सुट्टी शे. त्या दिन आपला फ्यूज कधी उडना का? हाई कॉलेजमा शिकाडं नही का?” मी उठलोच. शेजारच्या कारखान्यातली विजेची भट्टी आमच्याच लाइनवर होती. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला, तर भट्टी चालू असताना विजेच्या लाटेला खाचाच खाचा. लाट शून्यावर कधी येते ते पाहून आमचं मशीन थायरिस्टरना, म्हणजे वीज सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांना, चालू व्हायचा इशारा द्यायचं. आता ते खाचेलाच शून्य समजत होतं आणि इशारा भलत्या वेळी जाऊन प्रवाह उसळत होता, फ्यूज उडत होते. मी इशाऱ्याच्या सर्किटला फिल्टर लावून खाचा गाळल्या. त्याने लाट थोडी मागे पडली, तेवढी वेळ जुळवून घेतली. शेवटचे फ्यूज बसवले. शेजारी भट्टी घुमत होती, माझा हात बटणापाशी अडला. “दाब ना, मी शे आठे!” आबा ओरडले. मीटरचा काटा चढला, थरथरला आणि स्थिर राहिला. मी पॅनेलमागे जाऊन डोळे पुसले. आबा मीटरकडे पाहत राहिले. आता नवे इंजिनिअर मशीन उघडायला निघाले की मी त्यांना आधी शेजारच्या कारखान्याची सुट्टी विचारून यायला पाठवतो.