मुळासकट उपटणारा पंप

उभ्याने शेती करता येते, असं छातीठोकपणे सांगणारा आमच्या गावातला पहिला माणूस म्हणजे पदू. त्याआधी आमच्याकडे शेती वाकूनच होत असे. लावणी वाकून, बेणणी वाकून, कापणी वाकून. पदूला वाकता येत नव्हतं असं मात्र कोणी समजू नये. जमीनदार मालोजीरावांचा ओटा नुसता लांबून दिसला तरी तो असा वाकायचा, की पागोटं सावरण्यात त्याचे दोन्ही हात गुंतून जायचे. शेतात पाऊल टाकलं की तेवढी त्याच्या कमरेत उसण भरायची.

गाव आमचं कशेळ्याच्या अलीकडचं. सन एकतीस-बत्तीसच्या सुमारास मालोजीरावांनी डोंगरउतारावरची नाचणी मोडून तिथे मका लावला. माथेरानच्या घोड्यांना मक्याचा दाणा मानवतो आणि तिथले पाहुणे भाजलेल्या कणसाला मागाल तो भाव देतात, असं त्यांना नेरळच्या कोणा व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. मका चांगला आला. त्याच्याहून चांगलं तण आलं. टाकळा, कुरडू, केना, सगळे बिनबोलावता हजर.

हे तण खुरप्यानं काढायचं, म्हणजे बेणणीचं काम, बायकांचं. पुढे पदूची बायको सुंदरा आणि तिच्यामागे ठाकरवाडीतली ठकी व तिच्या सात-आठ बाया. मजुरी दिवसाला दोन शेर भात. आषाढ-श्रावणात गरिबाची कणगी तळाला गेलेली असते आणि नवं भात शेतात अजून हिरवंच असतं. त्या दिवसांत ठाकरवाडीतल्या चुली या दोन शेरांवरच पेटत. वर ओटीत कुरडूचा पाला यायचा, त्याची भाजी व्हायची. एरवी डोंगरात कंद खणायचे नाहीतर पाणी पिऊन निजायचं.

अशात मुंबईच्या एका औषधाच्या पेढीचा एजंट गावात उतरला. बरोबर पितळेचा एक चकचकीत पंप, पाठीवर बांधायचा. मालोजीरावांच्या मक्याच्या बांधावर उभं राहून त्यानं गावाला फवारणीचं शास्त्र समजावून सांगितलं. डाव्या हातानं दांडा हापसायचा, उजव्या हातात नळी. नळीचं तोंड तणाच्या वर हातभर. चाल एकसारखी, थांबायचं नाही, धावायचं नाही. वाऱ्याकडे तोंड करायचं नाही. औषध म्हणजे मोरचुदाचं निळं पाणी. मक्याचं पान उभं आणि गुळगुळीत, त्यावरून ते घरंगळून जातं. टाकळ्याचं पान रुंद आणि आडवं, त्यावर ते बसतं आणि पान जाळून टाकतं. शास्त्र अगदी पटण्यासारखं होतं. एकच पथ्य होतं. फवारताना पान कोरडं हवं आणि नंतर दिवसभर कडक ऊन हवं.

हे तो आषाढात सांगत होता, आमच्या कर्जत तालुक्यात, डोक्यावर छत्री धरून.

कोणी हसलं नाही. साहेबी टोपीवाल्याला हसायची आमच्याकडे पद्धत नाही. फक्त ठकीनं विचारलं, "मंग आमी काय करायचं?"

"तुम्ही विश्रांती घ्यायची," एजंट प्रेमानं म्हणाला.

श्रावणात पोटात काही नसताना घेतलेल्या विश्रांतीला आमच्याकडे उपास म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार!

पंप कोणी चालवायचा, हा प्रश्नच नव्हता. पदूनं तो पाठीला बांधला आणि त्याची उसण तिथल्या तिथे पळाली. पंधरा दिवसांनी एजंट खालापुराकडचे चार जमीनदार घेऊन शेत बघायला येणार होता. शेत साफ दिसलं तर पदूला कायमचा पंपवाला नेमू, वर्षाचं भात बांधून देऊ, असं मालोजीराव म्हणाले. तोवर या शेतात बेणणी बंद.

पदूनं शास्त्रात कुठेही बोट ठेवायला जागा सोडली नाही. ऊन पडलं की तो पंप भरून धावायचा. हातभर उंची, एकसारखी चाल, वाऱ्याकडे पाठ. शेताच्या मध्यावर पोचेपर्यंत डोंगरावरून सर खाली यायची आणि निळं पाणी ओढ्याला जाऊन मिळायचं. असं रोज चाललं. ओढ्यातले खेकडे तेवढे मेले. टाकळा गुडघ्याला लागला, आणि मका कुठे आहे हे दाखवायला माणूस नेमावा लागेल अशी वेळ आली.

पाहुणे यायला चार दिवस राहिले, तेव्हा पदू घरात येऊन सुंदरेसमोर बसला.

"सुंदरे, बायांना बोलाव गं."

"कशाला? त्यांना तर विश्रांती हाय ना?"

"मस्करी नको करू. शेत बेणून द्या. मजुरी मी देतो."

"तुमी? कुठनं?"

"आपल्या कणगीतनं. मी पंपवाला झालो की वर्साचं भात येल. दुप्पट भरू कणगी."

सुंदरेला हे पटलं नव्हतं. पण ठाकरवाडीत चार दिवस चूल धड पेटली नव्हती आणि ते तिला माहीत होतं. तिनं ठकीला निरोप धाडला. बाया आल्या, पावसात ओणव्या राहून त्यांनी सगळा उतार स्वच्छ केला. उपटलेलं तण पदूच्या सांगण्यावरून ओळींमध्येच पसरून ठेवलं. ते कोमेजलं, आणि पाहुणे यायच्या सकाळी पदूनं त्याच्यावरून निळं पाणी मारलं. बेणणी चालली तितक्या दिवसांत रोज संध्याकाळी सुंदरेनं आपल्याच कणगीतलं भात मापून बायांच्या पदरात घातलं होतं. तिचे स्वतःचे दोन शेर कणगीतून निघाले आणि परत कणगीतच पडले.

प्रयोग दृष्ट लागण्यासारखा झाला. मका ताठ उभा, तण आडवं, त्यावर निळे ठिपके. पदू पंप बांधून एकसारख्या चालीनं फिरून दाखवत होता. खालापूरचे जमीनदार माना डोलवत होते. त्यांच्यातला एक म्हातारा मात्र खवचट निघाला. त्यानं काठीनं टाकळ्याचं एक रोप उचललं. त्याची मुळी माती झटकून स्वच्छ झालेली.

"अहो, औषधानं पान जळतं हे मान्य. पण हे मुळासकट उपटून बाहेर कसं पडलं?"

पदूचा हात दांड्यावरच थांबला. सगळे एजंटकडे बघू लागले. एजंट क्षणभरही अडखळला नाही.

"तेच तर आमच्या औषधाचं वैशिष्ट्य!" तो म्हणाला.

त्या दिवशी खालापूर तालुक्यात आठ पंप खपले. मालोजीरावांनी आणखी दोन घेतले. पदू पंपवाला झाला, त्याला एक खाकी कोट मिळाला. आणि मालोजीरावांनी ओट्यावरून जाहीर केलं, की पुढल्या सालापासून आपल्या कुठल्याच मक्याला बेणणीची मजुरी मिळणार नाही. आता शास्त्र आलं आहे.

मला या ठिकाणी पदूचा राग येतो. तिथल्या तिथे तोंड उघडलं असतं तर फार तर चार शिव्या खाव्या लागल्या असत्या. पण अंगावर नवा कोट होता, आणि नव्या कोटात शिव्या खाणं कोणालाही जड जातं.

दुसऱ्या वर्षी मालोजीरावांनी मका दुपटीनं लावला. तण चौपटीनं आलं. पाऊस होता तसाच होता. पदूचं वर्षाचं भात कणगीत येऊन पडलं होतं, ते बायांच्या मजुरीत जाऊ लागलं. पुढे बाया खुरपं घेऊन, त्यांच्यामागे पदू पंप घेऊन, अशी फवारणी चालली. थोडक्यात सांगायचं तर मालोजीरावांची मजुरी आता मालोजीरावांचा गडी आपल्या पगारातून भरत होता, आणि वर त्यांनाच नमस्कार घालत होता. अर्धं शेत झालं आणि कणगी संपली. सुंदरेनं सूप आपटून त्यातली फोलपटं दाखवली.

"आता यातनं देऊ का मजुरी?"

ठकी दारातच उभी होती. ती भांडली नाही. "दादा, आमी येत नाय उद्यापून," ती म्हणाली. "रिकाम्या पोटी वाकवत नाय रं. तुजा पंपच मारू दे तन."

तेव्हा कुठे पदू मालोजीरावांच्या ओट्यावर गेला. सवयीप्रमाणे वाकला आणि वाकूनच बोलला.

"राव, पदरात घ्या. तण पंपानं कदीच मेलं नाय. बायांनी काढलं. पयल्या सालापून."

मालोजीरावांनी अडकित्त्यात सुपारी धरली. "मग त्यात नवीन काय सांगितलंस?"

"म्हंजी, तुमाला ठावं व्हतं?"

"माझ्या ओट्यावरनं अख्खा उतार दिसतो, पदू. आठ बाया ओणव्या दिसत नसतील होय मला?"

"मंग राव, पंप…"

"पंप आल्यापासनं माझ्या कोठारातनं बेणणीचं भात गेलं का? नाय ना? मग पंप उत्तम चालतोय. त्याला नावं ठेवू नकोस."

पदूनं घरी येऊन झालं ते सुंदरेला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पंप उचलला, मालोजीरावांच्या ओट्यावर नेऊन आदळला आणि म्हणाली, "राव, चांगला चालतोय ना? मंग यालाच न्या बेणायला." आमच्या गावात मालोजीरावांसमोर इतकं मोठ्यानं बोललेलं माणूस तोवर कोणी पाहिलं नव्हतं. मला विचाराल तर अख्ख्या तालुक्यात त्या दोन वर्षांत शास्त्राला धरून बोललेलं हे एकच वाक्य होतं.

बाया आठ दिवस आल्या नाहीत. ठाकरवाडीत कंद शिजत होते, कुठे तेही नव्हते. मका तणात बुडू लागला. माथेरानच्या घोड्यांना टाकळा चालत नाही, हे लक्षात आल्यावर मालोजीरावांनी माणूस धाडून बायांना बोलावलं. सुंदरा आणि ठकी ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या.

"चला, देतो मजुरी. माझ्या कोठारातनं," मालोजीराव म्हणाले. "दिवसाला एक शेर."

"दोन व्हते राव," सुंदरा म्हणाली.

"तेव्हा पंप नव्हता. आता निम्मं काम पंप करतो."

"तन काय निम्मं उगवतंय?" ठकीनं विचारलं.

मालोजीरावांना ऐकू आलं नाही. पदू कोट घालून शेजारी उभा होता. ठकीनं त्याच्याकडे पाहिलं, सुंदरेनंही पाहिलं. त्यानं खाली बघत पंपाचे पट्टे खांद्यावर चढवले.

बाया शेतात उतरल्या. त्या बेणत गेल्या आणि त्यांच्यामागून, साफ झालेल्या मातीवर, पदू निळं पाणी मारत गेला. चाल एकसारखी होती आणि नळी बरोबर हातभर उंच. संध्याकाळी ठकीच्या पदरात एक शेर भात पडलं. तिच्या घरात खाणारी तोंडं मात्र होती तेवढीच होती.