एक स्पेअर असावा

“एक स्पेअर असावा,” हे भावोजींचं पालुपद. ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला आम्ही चौघं, की भावोजी पाच चमचे घेऊन येणार. आभाळ कोरडं ठणठणीत, तरी छत्र्या दोन. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. आता ते सिंगापुरात नाहीत, पण चमचे उचलताना माझा हात अजून एक जास्तच घेतो.

आमचे हे आणि भावोजी जुरोंग आयलंडला एकाच कंपनीत, नव्या शतकाची पहिली वर्षं. तिथे वायरिंग करताना एक जागा पुढच्या वायरसाठी रिकामी सोडतात म्हणे. तीच खोड घरी. “लग्नात नवरीही एक स्पेअर मागितली होती का हो?” मी विचारलं, तेव्हा सगळ्यात जास्त त्यांची बायको, नीलूच हसली होती.

मंडळाच्या कार्यक्रमांत मी गायचे, नीलू सिंथेसायझर वाजवायची. जुनापुराणा, एका वेळी एकच सूर देणारा. नवा घे म्हटलं की फणकारायची, “त्या नव्यांना असा गळा आहे का?”

मग तिच्या बोटांतली ताकद जायला लागली. मज्जातंतूंचा आजार, औषध नाही. आधी हात, मग पाय, शेवटी श्वास, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मेल्याला आधी हातच सापडावेत!

“सुराला काय, व्होल्टेज लागतं,” भावोजी म्हणाले. “ते बोटाने दिलं काय न् पायाने दिलं काय.” एका रविवारी त्यांनी सिंथेसायझर उघडला, कडेच्या पत्र्यावर ड्रिल चालवलं, बाहेरून वायर आत घेतली आणि तिला पायाने दाबायच्या फळ्या जोडल्या. नीलूने चक्क पायाने भूप वाजवला. आम्ही दोघी हसता हसता रडलो.

तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. “दोन भोकं कशाला हो? वायर तर एकच आहे.”

“एक स्पेअर अस...” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे पायही जाणार, हे धरूनच चाललात तुम्ही.”

ते पत्र्याचा कीस फुंकरीने उडवत बसले. शेवटी नीलूनेच मला तिच्या कपाळावरची मोठी टिकली काढायला लावली आणि त्या भोकावर चिकटवायला सांगितली. “उघडं नको दिसायला.”

टिकली वर्षभरही टिकली नाही तिथे. पाय गेले. भावोजींनी ती नखाने अलगद सोडवली, आरशाच्या कडेला लावली आणि त्या भोकात फुंकरीवर चालणारी नळी जोडली. नीलू नळी ओठांत धरायची. फुंकर वाढवली की सूर चढायचा. चार सुरांत दमायची, पण सोडायची नाही.

एक दिवस मी मात्र ऐकायचं सोडून पत्र्याकडे बघत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. तिसरं भोक नव्हतं.

ते लिफ्टपर्यंत सोडायला आले, तेव्हा मला राहवलं नाही. “भावोजी, या वेळी स्पेअर नाही ठेवलात?”

लिफ्टचं बटण केव्हाच पेटलं होतं, तरी ते दाबतच राहिले.

“जोडायला आता उरलंय काय, वहिनी?”

घरातून सूर येत होता, बारीक, थरथरता. तो मध्येच थांबला. लिफ्ट येईपर्यंत भावोजी चपला तिथेच टाकून अनवाणीच आत धावले होते.