निळ्या ताऱ्याचा जोडीदार

वेधशाळेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. दुर्बिणीला तिने क्वचितच हात लावला असेल. तिचं काम दिवसाचं, तळमजल्यावरच्या खोलीतलं: ताऱ्यांच्या प्रकाशातल्या काळ्या रेघा किती सरकल्या ते मोजायचं.

अकरा वर्षं ती एकाच ताऱ्याच्या मागे हात धुऊन लागली होती. लहानसा, निळा, भयंकर तापलेला. अंगावरचा वायूचा थर कधीच गमावून बसलेला. त्याच्या रेघा दर तीन तासांनी मागेपुढे होत. म्हणजे कुणीतरी त्याला ओढत होतं, आणि ते दिसत नव्हतं.

"दिसत नाही तर शोधतेस कशाला?" धाकटी बहीण म्हणायची. "घरातली माणसं रोज दिसतात, ती तरी कुठे कळलीत?"

जोडीदार एकतर विझलेला पांढरा तारा असणार, नाहीतर मंद लाल. लाल असला, तर निळ्याकडची त्याची बाजू तापून उजळणार आणि दर फेरीला एकूण प्रकाश जरासा वाढणार, उतरणार. तसं होताना तिला दिसलं. "लालच!" तिने लेख लिहिला, वेधशाळेच्या साहेबांनी पाठवला, तो स्वीकारलाही गेला.

निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना, कागद आवरता आवरता, तिने शेजारच्या ताऱ्यांचे आकडे सहज ताडून पाहिले. तेही त्याच तालात वरखाली होत होते. दुर्बिणीवरचा प्रकाशमापक थंड ठेवणारं यंत्र साधारण तेवढ्याच वेळाने चालू-बंद व्हायचं. ताल त्याचा होता, ताऱ्याचा नव्हे.

ती तडक साहेबांकडे गेली. "लेख मागे घ्यावा लागेल."

"अहो, प्रकाशमापक भंगारात गेला, दुर्बीण बंद पडलीय. पुन्हा बघणार कशाने? आणि विचारतंय कोण?"

"कुणीच विचारणार नाही. म्हणून तर."

"अकरा वर्षं पाण्यात जातील, बाई."

"गेलीच आहेत, साहेब."

लेख मागे घेतला. तारा पुन्हा तपासा म्हणून तिने तीन वेधशाळांना पत्रं धाडली. दोघींनी उत्तर दिलं नाही. तिसरीने कळवलं, तारा फार मंद आहे, असे पुष्कळ आहेत. शेवटच्या दिवशी तिने किल्ली दिली, तेव्हा खोलीत मोडक्या खुर्च्या रचायला सुरुवात झाली होती.

"खरं सांगून टाकलंस. हलकं वाटलं का गं, ताई?" बहिणीने विचारलं.

"नाही. वाटेल असं वाटलं होतं."

तिने चपला काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.