त्र्याऐंशी नंबरचा बिल्ला

बोटीवर त्यांना सगळे हजेरीमास्तर म्हणत, कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत. त्यांच्या पदाचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, पण ते नेमणुकीच्या कागदाबाहेर कधी आलं नाही. काम मात्र एका वाक्यात सांगण्यासारखं होतं: जितकी माणसं बेटावर उतरली, तितकीच परत वर चढली की नाही, हे पाहायचं.

बोट जुनी, एकशे वीस प्रवाशांची. सुट्टीवर निघालेल्या लोकांना आठवडाभरात चार दूरच्या बेटांवर फिरवून आणणारी. बेटांभोवती पाण्याखाली खडक असल्यामुळे ती लांबच उभी राहायची आणि लोकांना होड्यांतून किनाऱ्यावर न्यायचे. शिडीच्या तोंडाशी एक लाकडी फळी होती. तिच्यावर एकशे वीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबर कोरलेला पितळी बिल्ला. उतरताना ज्याने त्याने आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आल्यावर आपल्या हाताने अडकवायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस किनाऱ्यावर. मध्यंतरी मालकांनी कार्ड वाचणारं एक यंत्र पाठवलं होतं. खाऱ्या हवेत ते दोन महिन्यांत गंजलं आणि रंगाच्या डब्यांशेजारी जाऊन बसलं. फळी राहिली, मास्तरही राहिले.

मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हे लहानपणापासूनचं. शाळेत वर्गमित्र गणवेश सोडून दुसऱ्या कपड्यांत भेटला, की ते त्याला ओळखत नसत. धाकट्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. नवऱ्या मुलाच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे पुसत, ‘आता आमची पोर तुमच्या हवाली’ असं भरल्या गळ्यानं सांगितलं. तो पठ्ठ्या म्हणाला, “माझी काही हरकत नाही, पण एकदा आमच्या दादाला विचारायला हवं.” हा किस्सा बहिणीच्या घरी अजून निघायचा, आणि बहीण दरवेळी नव्यानं हसायची.

“दादा, समुद्रावर तुझा निभाव लागतो तरी कसा रे?”

“प्रत्येकाला नंबर असतो ना गं,” मास्तर म्हणायचे.

नंबर मात्र त्यांच्या डोक्यात पक्के बसायचे. आधी ते एका कारखान्याच्या दारावर हजेरीची कार्डं सांभाळायचे. कारखाना बंद पडला तेव्हा बोटीवर आले. त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. लग्न केलं नाही. बोट बंदरात असली की बहिणीकडे राहायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या फळीनं एकही माणूस मागे ठेवला नव्हता. हे ते स्वतः कधी बोलत नसत, पण दुसरं कुणी बोललं तर ऐकायला आवडायचं. आता दोन फेऱ्या उरल्या होत्या. बहिणीनं मागची खोली रिकामी करून ठेवली होती आणि खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा हवा, हे पत्रातून दोनदा विचारलं होतं.

तिसऱ्या बेटावर बोट सकाळी आठला पोहोचली. या बेटाची जाहिरात सगळ्यांत मोठी. शेकडो वर्षं जुनी राहणी, गवताची घरं, पानांचे पोशाख, ढोलाच्या तालावरचा नाच. किनाऱ्यालगत दहा झोपड्यांचं गाव होतं. प्रवासी तिथे खुर्च्यांवर बसून नाच पाहायचे, फोटो काढायचे आणि अकरा वाजता परत यायचे. त्या गावात कुणी राहत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. शेवटची होडी सुटली की नाचणारी मंडळी पानांचे पोशाख घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवत, सदरे चढवत, झोपड्यांना कुलूप लावत आणि टेकडीपलीकडच्या आपल्या खऱ्या गावात जात. प्रवाशांनी कधी विचारलं नाही, मास्तरांनी कधी सांगितलं नाही.

त्र्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी हे एक म्हातारं जोडपं होतं. नवरा निवृत्त शिक्षक, प्रश्न विचारायची खोड न गेलेला. बायको ठेंगणी, खांद्याला मोठी पर्स. नवऱ्याला वस्तू हरवायची सवय, म्हणून चष्म्याच्या घरापासून औषधाच्या डबीपर्यंत सगळं त्या पर्समध्ये. बिल्लाही.

त्या सकाळी नाच चालू असताना गुरुजी उठून एका झोपडीत डोकावून आले आणि बायकोच्या कानाशी लागले. “अगं, इथली एकही चूल पेटलेली नाही. राखसुद्धा नाही. हे लोक राहतात कुठे?”

“कुठेही राहोत. तुम्ही जरा गप बसा. सगळे बघतायत.”

“मी त्यांना विचारून येतो.”

“घरी शेजाऱ्यांच्या चौकशा, इथे यांच्या. पन्नास वर्षं झाली, एक दिवस मला निवांत काही बघू दिलं नाहीत.”

यावर गुरुजी चिडले. “मग बघ निवांत. मी चाललो बोटीवर,” म्हणाले आणि निघून गेले. बाईंनी मागे वळून पाहिलंही नाही.

पावणेअकराला शेवटच्या होड्या आल्या. ऊन डोक्यावर, शिडीवर रांग, मागून कप्तानाचा भोंगा. बाई वर आल्या, पर्समधून दोन बिल्ले काढले आणि एकापाठोपाठ एक दोन खिळ्यांना लावले. मास्तरांनी ते पाहिलं.

“बाई, ज्याचा त्यानं लावायचा असतो.”

“अहो, ते केव्हाच वर आलेत. रागावून आधीच्या होडीनं आले. बिल्ला माझ्याकडे राहिला.”

मागचा माणूस म्हणाला, “सरका की पुढे, पाय भाजतायत.” मास्तरांनी मान हलवली. बाई पुढे गेल्या. त्र्याऐंशीचा माणूस बिल्ल्याशिवाय वर आला असता, तर त्याला आपण शिडीवरच अडवलं असतं, हे मास्तरांच्या मनात आलं. पण तेवढ्यात पंच्याऐंशी आला, मग शहाऐंशी, मग सत्त्याऐंशी. फळी भरली. मास्तरांनी हात वर केला आणि बोट निघाली.

साडेबाराला जेवणघरात थोरला वाढपी त्यांच्याजवळ आला. “मास्तर, तुमचे त्र्याऐंशी नंबर रुसलेत वाटतं. खुर्ची रिकामी आहे. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, भूक लागली की येतील. आमच्या घरी मी रुसलो तर ताट उचलून ठेवतात!”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

तेव्हाच वर जाऊन कप्तानाला सांगायला हवं होतं. बोट दीड तास पुढे आली होती, फार नव्हे. पण मास्तरांनी आधी खोली पाहायचं ठरवलं. दार वाजवलं, सफाईवाल्याकडून उघडून घेतलं. पलंगावरची चादर सकाळी घातली तशीच. मग वाचनाची खोली. मग न्हाव्याचं दुकान. मग खालच्या मजल्यावरची जागा, जिथे म्हातारी माणसं पत्ते खेळतात. कुणाला काही विचारायचं, तर कशासाठी विचारतोय ते कळू नये अशा बेतानं ते विचारत होते. “एक गुरुजी दिसले का? त्यांचा चष्मा सापडलाय.” चष्मा त्यांच्याकडे नव्हता.

बोटीच्या मागच्या टोकाला वीसेक प्रवासी कठड्याला टेकले होते. दूर, बेटाच्या टेकडीवरून धुराचा जाड, काळपट खांब सरळ वर चढला होता.

“निरोप देतायत वाटतं! काय गोड माणसं आहेत,” कुणीतरी म्हणालं. सगळे फोटो काढत होते.

मास्तर त्या धुराकडे पाहत उभे राहिले. एकतीस वर्षांत त्या बेटानं कुणाला असा निरोप दिला नव्हता. बोट सुटली की बेटावरच्यांचं काम संपायचं.  तरीही ते तिथून फिरले आणि बोटीचा उरलेला भाग शोधायला गेले. कोठार पाहिलं, कपडे धुण्याची खोली पाहिली. एखाद्या दाराआड म्हातारा बसलेला सापडेल, आपण त्याला दोन शब्द सुनावू आणि सगळं होतं तसं होईल, एवढंच त्यांना हवं होतं. दार उघडायचं आणि आत कुणी नसायचं.

दोन वाजता ते कप्तानासमोर उभे राहिले.

“त्र्याऐंशी बेटावर राहिला.”

कप्तान वयानं लहान, पण मास्तरांना मान देणारा. त्यानं एकही प्रश्न न विचारता आधी बोट वळवायला सांगितली. मग विचारलं, “कधी लक्षात आलं?”

“आत्ताच,” मास्तर म्हणाले.

पाच वाजता होडी किनाऱ्याला लागली. मास्तर हट्टानं तिच्यात बसले होते. झोपड्यांना कुलपं होती. टेकडीच्या वाटेवर अर्ध्यावर माणसं दिसली. गुरुजी एका घळीशेजारी आडवे होते, मांडीला काठ्या बांधलेल्या, ओठ फुटलेले. सकाळी ढोलाच्या पुढे नाचणारी बाई साधा छापील झगा घालून त्यांच्या डोक्याशी बसली होती आणि ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसत होती. ती पर्यटकांशी बोलण्यापुरतं तोडकंमोडकं बोलायची.

“आमचं गाव शोधत आले. पडले. हाड मोडलं. आम्ही उचलू, ते ओरडतात,” ती म्हणाली. मग मास्तरांकडे पाहून, “धूर केला. मोठा केला. तुम्ही बघितला नाही?”

मास्तर वाकले आणि होडीतून आणलेल्या डोलीचा एक दांडा धरला. 

बोटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांडीचं हाड मोडलंय, अंगातलं पाणी गेलंय, साखरेचा आजार आहे, औषध चुकलंय. मोठा दवाखाना दीड दिवसावर. जगतील असं वाटतं, चालतील का ते सांगता येत नाही. बाई आजाऱ्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होत्या. जो येईल त्याला सांगत होत्या, “मीच लावला हो तो बिल्ला. माझ्याच हातानं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानानं मास्तरांना बोलावलं. टेबलावर अहवाल होता. मास्तरांनी चष्मा लावून वाचला. ‘प्रवासी क्रमांक चौऱ्याऐंशी यांनी नियम मोडून पतीचा बिल्ला स्वतः लावला. हजेरीच्या कर्मचाऱ्याने ही बाब लक्षात येताच तत्काळ कळवली व बोट परत फिरवण्यात आली.’ खाली त्यांच्या सहीची जागा मोकळी होती.

“सही करा, मास्तर. दोन फेऱ्या राहिल्यात तुमच्या. बाईंना कोण काय म्हणणार? घरचा मामला, घरात मिटेल.”

मास्तरांनी पेन उचललं. हा कागद त्या बाईंच्या मुलांच्या हातात जाईल. नवरा चालला नाही तर लोक वर्षानुवर्षं हेच सांगतील, की बायकोनं लावला बिल्ला. आणि बाई ते मान खाली घालून ऐकतील. आत्तापासूनच ऐकायला लागल्या आहेत.  मग त्यांनी सहीच्या जागेच्या वर, बारीक नीट अक्षरात लिहिलं: ‘बिल्ले लावताना मी पाहिले. थांबवले नाही. साडेबाराला शंका आली. दोन वाजेपर्यंत कोणाला सांगितले नाही. धूर पाहिला होता.’ खाली सही केली.

कप्तानानं वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला. “एकतीस वर्षांवर बोळा फिरवलात,” तो म्हणाला. “आणि काल मला ‘आत्ताच’ म्हणालात.”

“हो साहेब. खोटं बोललो.”

“तुम्ही जा आता. आजपासून शिडीवर दुसरं कुणीतरी उभं राहील.”

मास्तर तिथून थेट आजाऱ्यांच्या खोलीकडे गेले. बाई बाकावर तशाच होत्या, मांडीवर पर्स. मास्तरांना पाहून त्या उठायला लागल्या. “तुमचेच उपकार हो. तुमच्या लक्षात आलं म्हणून तरी—”

“बसा बाई. मला एक सांगायचंय.”

मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगितलं. खुर्ची रिकामी असल्याचं कळलं ते, खोली उघडली ते, चष्मा सापडलाय असं खोटंच सांगत फिरले ते, धूर पाहिला ते, दोन वाजता कप्तानाला सांगितलं ते. काही गाळलं नाही. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

“दीड तास?”

“हो.”

“आम्ही जेवत होतो तेव्हा.”

“हो.”

“तो धूर... मीही पाहिला होता. शेजारच्या बाईंना म्हटलं, माझाही एक फोटो काढा, मागे धूर येऊ दे.”  मग त्यांनी मान वर केली. “पण मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.”

“मला माहीत होतं,” मास्तर म्हणाले.

आतून गुरुजींचा क्षीण आवाज आला. पाणी मागत होते. बाई उठल्या, पर्स खांद्याला अडकवली आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. मास्तर बंद दारासमोर उभे राहिले. क्षमा करा, हे शब्द त्यांनी वाटेत जुळवून ठेवले होते. ते म्हणायचे राहूनच गेले होते, आणि आता दार वाजवायचा धीर त्यांना होईना.