बाबांना दिसेल असं घड्याळ

त्या दिवशी मी ऑफिसला निघाले तेव्हा बाबा बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत बसले होते. "उसळ करू या की पुलाव?" त्यांनी विचारलं. "तुम्ही म्हणाल ते," मी बूट घालता घालता म्हणाले. "मग उसळ," ते म्हणाले, आणि मी दार ओढून घेतलं. दुपारी शेजारच्या आंटींचा फोन आला. "बेटा, तू जल्दी घर आ जा," एवढंच त्या बोलल्या. पण फोन आमच्या घरच्या नंबरवरून होता, मागून माणसांच्या हलक्या बोलण्याचा आवाज येत होता, आणि त्या वेळी आमच्या घरात बाबांशिवाय कुणी नसतं... गुडगावच्या ऑफिसातून दिल्लीतल्या द्वारकेला, घरी पोचेपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. निखिल, माझा नवरा, माझ्याआधी पोचला होता. बाबा खुर्चीतच गेले होते. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसावा.

मुकुंद साठे हे माझे सासरे. ऐन पंचविशीत साताऱ्याहून केंद्र सरकारच्या नोकरीवर दिल्लीला आले, सारी नोकरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहून केली आणि निवृत्तीनंतर द्वारकेच्या सोसायटीत आमच्याबरोबर राहायला आले. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. भेटायला आलेला प्रत्येक जण, मराठी असो की पंजाबी, बाबांबद्दल एकच गोष्ट सांगत होता. "साठे साहब जैसा वक्त का पाबंद आदमी नहीं देखा." "आम्ही मंडळात त्यांच्याकडे बघून घड्याळं लावायचो." मी मान हलवत होते, चहाचे कप फिरवत होते आणि मनातून शरमत होते. कारण शेवटच्या दोन वर्षांत बाबांना याच कौतुकाची सर्वांत जास्त लाज वाटायची. ते समोर असते तर म्हणाले असते, "पुरे हो, खरं काय ते सांगा." म्हणून सांगतेय.

दिल्लीतलं आमचं मराठी मंडळ दरवर्षी गणपतीत मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा घेतं. वेळ बघायचं काम कायम बाबांकडे. समोर पितळी घंटा, मनगटावर त्यांचं जुनं स्टीलचं घड्याळ. मोबाइलवर वेळ लावा असं कुणी सुचवलं तर त्यांना तो अपमान वाटायचा. दोन वर्षांपूर्वी सई नावाची एक मुलगी बोलायला उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची असेल. दिल्लीत वाढलेल्या मुलांना मराठीतून सलग बोलणं किती अवघड जातं ते आम्हाला ठाऊक आहे, पण ही मुलगी शब्दांवर नीट पाय ठेवत, सावकाश आणि गोड बोलत होती. मी सहज तिचा व्हिडिओ घेत होते. आणि ती ऐन रंगात आलेली असताना बाबांनी शेवटची घंटा वाजवली. ती वाक्याच्या मध्येच थांबली. तिनं बाबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, नमस्कार केला आणि खाली उतरली. मागून कुणीतरी "इतक्यात?" असं म्हणालं, पण तेवढंच. परीक्षक गप्प, सेक्रेटरी गप्प. साठेसाहेबांनी घंटा वाजवली म्हणजे वेळ संपली!

आम्ही घरी पोचलो. निखिल गाडी लावायला खाली थांबला होता. चपलाही न काढता बाबांनी विचारलं, "मृणाल, तू त्या मुलीचं शूटिंग करत होतीस ना? किती वेळ बोलली ती?"

मी मोबाइल बघितला. खोटं सांगावंसं वाटलं, पण ते माझ्याकडे असं बघत होते की जमलं नाही. "ठरलेल्या वेळाच्या निम्म्याहून थोडं जास्त, बाबा."

ते भिंतीला हात लावून उभे राहिले. "मला वाटलंच. काटा कुठला आणि त्याची सावली कुठली, कळेना. अंदाजानं वाजवली..." आणि मग घाईघाईनं, "निखिलला नको सांगूस."

तेव्हा एकेक गोष्ट उलगडली. मधूनमधून ते "घड्याळ मागे पडतंय" म्हणून सेल बदलून आणायचे, ते घड्याळ मागे पडतच नव्हतं. "तुझ्या मोबाइलमध्ये किती वाजलेत बघू, माझ्याशी जुळतंय का," असं विचारायचे, ते जुळवून बघण्यासाठी नव्हतंच. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं त्यांनी सांगितलं. कडेचं दिसत राहील, नेमकं जिथे बघाल तेच दिसणार नाही, आणि नवा चष्मा लावून त्यात फरक पडायचा नाही. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे माणूस समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसणार, तोंड नाही. ऑफिसात काही लोकांच्या बाबतीत हे बरं झालं असतं." मी हसले. ते हसले नाहीत.

मग आम्ही घड्याळ शोधायला लागलो. घरात निखिलनं वाढदिवसाला दिलेलं स्मार्टवॉच होतं, पण ते मनगट झटकल्याशिवाय उजळायचं नाही आणि उजळलं तरी पावलं, हवामान, कुणाचा तरी मेसेज अशी गर्दी. एका शनिवारी निखिल टूरवर असताना आम्ही मॉलमध्ये गेलो. किती तऱ्हेची घड्याळं बघितली! निळ्या तबकडीवर सोनेरी काटे, दिसायला देखणे आणि बाबांना अदृश्य. पांढऱ्या तबकडीवर चांदीचे काटे, तेही तसेच. रोमन आकड्यांच्या रेघा एकमेकींत मिसळून जायच्या. काही घड्याळांत आकडेच नव्हते, नुसते ठिपके. आकड्यांवर चालणाऱ्या घड्याळात करड्यावर करडे आकडे. काचेवर दुकानातले दिवे चमकायचे आणि बाबा मनगट इकडेतिकडे फिरवत राहायचे. दुकानातली मुलगी चांगली होती. तिनं बोलणारं घड्याळ काढून दाखवलं. बटण दाबल्याबरोबर त्यातली बाई मोठ्यानं इंग्रजीत वेळ सांगायला लागली आणि आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. बाबांनी ते दोन्ही हातांनी झाकलं. "बंद कर गं, बंद कर," ते मला मराठीत म्हणाले. "कुणाच्या मयताला गेलो आणि ही बोलली तर?"

पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, सरोजिनी नगरला जाऊ. तिथल्या बाजारात त्यांच्या ओळखीचं दुकान होतं. त्यांनी निखिलचं शाळेतलं पहिलं घड्याळही तिथूनच घेतलेलं. कपड्यांच्या ढिगांमधून वाट काढत आम्ही पोचलो. इथेही तेच, हे काढ, ते ठेव. शेवटी मीच एक घड्याळ उचललं. लहान मुलांना वेळ बघायला शिकवायचं घड्याळ. पिवळा पट्टा, दुधासारखी पांढरी तबकडी, बारा जाड काळे आकडे, तासकाटा लाल, मिनिटकाटा काळा, आणि काच अशी की तिच्यावर उजेड चमकत नव्हता. बाबा ते घेऊन दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या जिन्यापाशी गेले. दुकानात दिवे भरपूर, म्हणाले, घरातल्या उजेडात दिसलं पाहिजे. आता त्यांची नजर घड्याळावर नव्हती, थोडी बाजूला, पायरीवर कुठेतरी होती. तसंच त्यांना दिसायचं. आणि तिथून त्यांनी वेळ सांगितली. बरोबर होती.

दुकानदारानं पट्ट्याकडे बघून, नातवासाठीच घेतोय असं समजून आनंदानं विचारलं, "साठे साहब, बधाई हो! पोते के लिए?"

बाबांनी पिवळा पट्टा मुठीत झाकला. "हाँ जी," ते म्हणाले. "पोते के लिए."

आम्हाला मूल नाही. बरीच वर्षं डॉक्टरांकडे खेटे घालून, हळूहळू तो विषय घरात बंद झाला होता. दुकानदारानं घड्याळ हौसेनं रंगीत कागदात बांधलं, आणि बाबा ते पुडकं हातात धरून मेट्रोत माझ्या शेजारी बसले. गाडी सुटल्यावर म्हणाले, "तुला लागलं असेल."

"नाही, बाबा."

"लागलं असणार. माझी लाज झाकायला मी तुझं..." मी पुडकं त्यांच्या हातातून घेतलं, कागद सोडवला आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत न्यावा लागला. समोरच्या सीटवरची मुलगी बघत होती. बाबांनी बाही ओढून घेतली.

त्यानंतर अख्खा उन्हाळा ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत राहिले, मनगटाशी बटण लावून. दिल्लीचा उन्हाळा! निखिल चिडायचा, "बाबा, यार, घाम बघा तुमचा." ते म्हणायचे, "मला बरं वाटतं असं." वेळ बघायची असली की दुसऱ्या खोलीत जायचे. पण त्या काळात त्यांच्या मनातून सई गेलेली नव्हती. एक दिवस त्यांनी मंडळातून तिच्या आईचा नंबर मिळवला आणि मला म्हणाले, "सोबत येशील? एकट्यानं जायला धीर होत नाही."

सईचे वडील सरकारी नोकरीत. ते सरोजिनी नगरच्या नव्या, उंच इमारतीत राहत होते. बाबांची क्वार्टर कधीच पाडली गेली होती, ती कुठे होती हेही आता सांगता येत नव्हतं. सईच्या आईनं दार उघडलं तेव्हाच ती संकोचली होती. "काका, अहो कशाला एवढ्या लांब आलात? आम्ही विसरूनही गेलो." बाबांनी चहाला नको म्हटलं. "आधी हिच्याशी बोलतो." सई सोफ्याच्या कडेला पाय हलवत बसली होती.

"सई, गणपतीत मी तुझी घंटा लवकर वाजवली. तुझा वेळ संपलेला नव्हता. घड्याळातले काटे मला नीट दिसले नाहीत. चूक माझी होती."

तिचे पाय थांबले. "सच्ची? मग मी स्लो नव्हते?"

"मुळीच नाही. छान बोलत होतीस."

"मम्मा! मी म्हटलं होतं ना! मला तर पूर्ण याद होतं!"

तिच्या आईनं मान खाली घातली. मग हळूच सांगितलं, की तेव्हापासून ही शाळेतसुद्धा भरभर बोलून मोकळी होते, टीचरची तक्रार आहे, आणि आपणही हिला म्हणालो होतो की जरा फटाफट बोलायचं ना... बाबा ते ऐकत होते.

"तुम्हाला दिसत नाही का, आजोबा?" सईनं विचारलं.

"मधलं दिसत नाही. तुझं नाक दिसत नाहीये, वेण्या दिसतायत."

ती खुदकन हसली. "मग टाइम कसा बघता?"

बाबांनी मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. सई वाकून बघायला लागली. "ही तर बच्चोंवाली आहे! केजीमध्ये माझ्याकडे पण होती!"

"सई!" आई ओरडली.

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले. "मुलांचंच आहे. मोठ्यांच्या घड्याळात मला दिसत नाही." त्यांचे कान लाल झाले होते, आवाज मात्र साधा होता. "तू बोल आता सगळं. सावकाश बोल. मी वेळ बघतो."

ती उभी राहिली आणि बोलली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. बाबा तिच्या शेजारच्या पडद्याकडे बघत ऐकत होते. घंटा नव्हतीच.

पुढच्या गणपतीच्या आधी मंडळाची बैठक झाली. बाबांनी पिशवीतून घंटा काढून टेबलावर ठेवली आणि उभं राहून सगळं सांगितलं: डोळे, ती घंटा, सई. कुणीतरी "अहो, असं काही नाही, साठेसाहेब," म्हणायला लागलं. "असंच आहे," बाबा म्हणाले. निखिल माझ्या शेजारी बसला होता. त्याला हे तिथे, सगळ्यांसमोर कळलं. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबा, मला घरी सांगायचंत ना."

"तुझ्यासमोर जास्त लाज वाटत होती," मागच्या सीटवरून बाबा म्हणाले.

लाज गेली, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर बाबांनी बाहीचं बटण कधी लावलं नाही. कुणी पिवळ्या पट्ट्याकडे बघून हसलं तर त्यांचे कान तसेच लाल व्हायचे, हात मात्र मागे जायचा नाही.

शेवटच्या काही महिन्यांत ते घड्याळही त्यांना दिसेनासं झालं. त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं, कारण ते बाजूला बघायचे ते बंद झाले. न विचारताच मी घरात वावरताना आपल्याशीच बोलल्यासारखी वेळ बोलायला लागले. "अरे बापरे, पावणेनऊ झाले, माझी मेट्रो चुकणार." "चला, साडेसात, कुकर लावू या." बाबा त्यांच्या खोलीतून "हं" म्हणायचे. एकदा मात्र म्हणाले, "मृणाल, हे घड्याळ बरं आहे गं. चारचौघांत बोलत नाही."

ते पिवळ्या पट्ट्याचं घड्याळ निखिलनं आपल्या कपाटात ठेवलंय. परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. "चला, साडेसात झाले," मी मोठ्यानं म्हणाले. मग लक्षात आलं, आणि मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. बाहेर निखिल काहीतरी वाचत बसला होता. त्यानं ऐकलं होतं, आणि मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं.

"सॉरी," मी म्हणाले. "सवय."

तो उठून दारात आला.

"सांगत जा ना," तो म्हणाला.