दारातला खोकला

कमांडोंच्या शाळेत आवाज न करता चालायला शिकवणारा एक उस्ताद होता. पोरं त्याच्या माघारी त्याला बोका म्हणत. डोळ्यांना पट्टी बांधून तो लाकडी फळ्यांच्या खोलीत खुर्चीवर बसायचा. एकेकाने मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. फळी जरा कुरकुरली, की उस्ताद म्हणायचा, "मेलास. चल, पहिल्यापासून!" बावीस वर्षांत खांद्यापर्यंत तिघेच पोचले.

आता सवय ती सवय; ती काय युनिफॉर्मबरोबर खुंटीला टांगता येते? घरीही तो तसाच यायचा. ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोच्या हातून दोनदा दुधाचं पातेलं पडलं. तिसऱ्यांदा ती कडाडली, "अहो, घर आहे हे, शत्रूचा तळ नव्हे! दारात नुसतं खोकायला काय जातं तुमचं?"

तेव्हापासून तो दारात खोकायचा आणि आतून हाक यायची, "आलात?"

आज चौथ्या पोराचा हात खांद्यावर पडला. उस्तादाने त्याची पाठ थोपटली आणि कधी एकदा तिला सांगतो असं होऊन तो झपाझप घरी आला. दारात उभा राहून खोकला. आतून हाक आली नाही. हाक मारणारी जाऊन वर्ष झालं होतं.

वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली बाई जिना उतरत होती. "रोज ऐकते मी," ती म्हणाली. "खोकल्याला काहीतरी औषध घ्या हो."

"घेतो," उस्ताद म्हणाला आणि त्याने खिशातून कुलपाची किल्ली काढली.