दाऊदमियाँचे भाईजान

दाऊदमियाँ मिस्त्री चालताना आपल्या डावीकडे एका माणसापुरती जागा मोकळी ठेवायचे. बाजारात कितीही गर्दी असो, त्या जागेत कुणी शिरलं की ते थबकायचे, "जरा भाईजानला येऊ द्या," म्हणायचे आणि मगच पुढं निघायचे. भाईजान म्हणजे त्यांचे थोरले भाऊ याकूब. ते वारून कैक वर्षं झाली होती, हे आम्हाला मागाहून, घराचं काम सुरू झाल्यावर कळलं.

निजामाचा अंमल होता. माझे यजमान औरंगाबादेत सरकारी शाळेत मास्तर होते आणि आम्ही गुलमंडीजवळ भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. यांच्या मामांनी आम्हाला बेगमपुऱ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी एक जमिनीचा तुकडा दिला. जागा सुरेख, पण सगळी उताराची. तांब्या ठेवला तर गडगडत खाली जायचा. मला तेव्हा दिवस गेले होते. मूल आपल्या स्वतःच्या घरात जन्मावं, एवढीच माझी हौस होती.

बांधणारा मात्र मिळेना. सरकारी बंगले बांधलेला एक गुत्तेदार आला. हातातली छडी फिरवत म्हणाला, "वरचा डोंगर कापू, सगळं मैदान करून देतो." दुसरा म्हणाला, "खालून भराव घालू." कापलेली दरड घरावर येईल आणि भराव पावसात खचेल, म्हणून यांनी दोघांनाही नको म्हटलं. शेवटी शाळेतल्या चपराशानं दाऊदमियाँचं नाव काढलं. "उतारावरचं काम त्यांच्यावानी कुणालाच जमत नाय, मास्तर. पण त्यांच्या भावाला सोसावं लागंल."

ते आले तेव्हा ऊन रणरणत होतं. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोळ्यांत सुरमा, अत्तराचा घमघमाट. जोड्यांना धूळ लागली की खिशातल्या रुमालानं पुसायचे. हातात थापी धरलेली मी त्यांना कधी पाहिली नाही. गवंड्यांना नुसतं बोटानं दाखवायचे. सगळा उतार फिरून ते एका दगडावर टेकले आणि डावीकडं तोंड करून हलक्या आवाजात बोलू लागले. बोलायचे, थांबायचे, ऐकायचे, मान हलवायचे. मग आमच्याकडं वळले.

"भाईजान म्हणतात, घर बसंल. पण डोंगराला कापायचं नाय. जमीन जशी उतरती, तसं घरानं बी उतरावं. वर निजायची खोली, खाली ओटी, तिच्या खाली सैपाकघर."

मी पदर तोंडाशी धरून हसू दाबत होते. पण ते घर मला त्याच क्षणी दिसलं. यांनाही दिसलं असावं, कारण काम दाऊदमियाँनाच द्यायचं ठरलं.

वरच्या खोलीचा पाया खोदणं चाललं होतं. दुपारी मी सगळ्यांसाठी ताक घेऊन गेले होते. हेही आले होते. एकाएकी दाऊदमियाँ ओरडले, "बाहर निकलो! सगळे बाहर!" माणसं कुदळी टाकून पळाली. आम्ही पायाच्या वरच्या अंगाच्या दरडीकडं बघत उभे राहिलो. एक खडासुद्धा हलला नाही.

"भाईजान बोलले, इथं खोदू नका. खोली खाली घ्या."

मला पाचवा महिना लागला होता. आता सगळं पुन्हा आखायचं, पुन्हा खोदायचं. यांचा तोल गेला. "मियाँ, तुमचे भाऊ मेलेत!"

दाऊदमियाँ दगडावर बसले.

"हौ मास्टरसाब. मीच त्यांना माती दिली. असाच डोंगर होता. ते म्हणले, दाऊद, इथं खोदू नको, दरड येईल. मी हसलो. म्हणलं, तुमी भित्रे. मला भित्रा म्हणतो का, म्हणून ते सोता खड्ड्यात उतरले." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "जिते होते तवा ऐकलं नाय. आता ऐकतो."

त्यांच्या डावीकडचं वाळलं गवत दबलेलं होतं, कुणी मांडी घालून बसल्यासारखं. वारा नव्हता. दाऊदमियाँ उठले, तसं ते गवतही हळूहळू सरळ झालं. मी यांच्याकडं पाहिलं. हे खालच्या आवाजात म्हणाले, "घ्या खोली खाली."

ती दरड आजतागायत पडलेली नाही. त्यामुळं भाईजान खरे की दाऊदमियाँ भ्रमिष्ट, हे आमच्याकडं कधीच ठरलं नाही.

माझी मुलगी त्याच घरात जन्मली. अखेरचा गिलावा वाळला त्या दिवशी दाऊदमियाँ निरोप घ्यायला आले. उंबऱ्याबाहेरच घुटमळत राहिले.

"बाई, एक अर्ज आहे. भाईजान इथंच राहतो म्हणतायत. लई थकलेत. तुमची ना नसंल तर..."

तान्ही पोर माझ्या खांद्यावर होती. माझ्या अंगावर काटा आला. पण त्यांच्याकडं बघून नाही म्हणवेना. "राहू देत," मी म्हणाले. ते लहान मुलासारखे रडले. सुरमा गालांवर ओघळला. मग उतार उतरून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांनी नंतर एकही काम घेतलं नाही. पुढच्या थंडीत गेल्याचं चपराशाकडून कळलं. झोपेतच गेले म्हणे.

काही वर्षांनी घराच्या मागं, दरडीच्या अंगाला पाण्याचा हौद खोदायचं यांच्या मनात आलं. माणसं कुदळी घेऊन आली तेव्हा हे शाळेत होते. "बाई, इथंच ना?" त्यांनी विचारलं.

"थांबा, विचारून सांगते," मी बोलून गेले आणि माझी मीच चमकले. तरी गेले. दरडीपाशी भर उन्हात उभी राहिले, पदर डोक्यावरून घेतला आणि ओशाळून पुटपुटले, "भाईजान, खोदू का?"

बराच वेळ काही नाही. मग कानाशी, दाऊदमियाँहून जाड आणि दमलेल्या आवाजात:

"नक्को, बेटी."

माणसांना मी परत पाठवलं. संध्याकाळी यांना सांगितलं, हौद नको. यांनी कारण विचारलं नाही. जेवताना भाकरीचा तुकडा हातातच राहिला, आणि ताटाकडं बघत म्हणाले, "म्हणजे तुलाही ऐकू आलं."